जुन्या बोलेरोला घरच्या घरी टोइंग हूक बसवताना

मराठवाड्यात ट्रॉली म्हटली की ट्रॅक्टर, हे समीकरण इतके पक्के आहे की जीपच्या मागे हूक लावायचा म्हटल्यावर मिस्त्रीचा हातही ट्रॅक्टरच्याच हिशेबाने चालतो. माझ्या २००९ सालच्या बोलेरोसाठी मी तीन गॅरेजांत विचारले आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळाले, "वेल्डिंग मारून देतो की, दहा मिनिटांचं काम हाय." मी तिन्ही ठिकाणांहून परत आलो आणि दोन दिवस खर्चून हूक घरीच बसवला. ज्याला पाने-पकड हाताळण्याची सवय आहे आणि ज्याच्याकडे चांगले ड्रिल मशीन आहे त्याला हे काम जमण्यासारखे आहे. मात्र ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉली ताशी वीस किलोमीटरने, ढिल्या पिनेवर खडखडत चालते आणि जीपच्या मागची ट्रॉली त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने धावते, हा फरक कामाच्या प्रत्येक पायरीवर ध्यानात ठेवावा लागतो.

आधी वजनाचा हिशेब

लोखंड आणण्यापूर्वी वही काढावी. मला उन्हाळ्यात शेतातल्या आखाड्यावर जनावरांसाठी पाणी न्यायचे होते. पाण्याचे वजन सांगायला काटा लागत नाही, एक लिटरला एक किलो. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन पाणी, त्यात ट्रॉलीचे स्वतःचे अडीचशे-तीनशे किलो मिळवले की आकडा तेराशेच्या घरात जातो आणि तो गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या फार मागे राहत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर एवढे सगळे वजन गाडीच्या चार ब्रेकांनी थांबवायचे असते. युरोपातील नियमांत ब्रेक नसलेल्या ट्रॉलीला भारासह ७५० किलो, किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल तेवढीच मुभा आहे. हा ठोकताळा मला शहाणपणाचा वाटला आणि मी ५०० लिटरची टाकी व २०० किलोची ट्रॉली, एकूण ७०० किलो, यावर थांबलो. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडा दिलेला असेल तर तोच अंतिम मानावा आणि ओढू नये असे लिहिले असेल तर हे काम हातीच घेऊ नये.

पाण्याची आणखी एक खोड आहे. भरलेली टाकी शांत असते, रिकामी टाकी हलकी असते, आणि अर्धी टाकी मात्र प्रत्येक ब्रेकला व प्रत्येक वळणाला गाडीला धक्का देते, कारण आतील पाणी मागाहून येऊन आदळते. काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत लाटा अडवणाऱ्या आडव्या फळ्या नसतात, त्यामुळे टाकी काठोकाठ भरूनच निघावे आणि पोहोचल्यावर पूर्ण रिकामी करूनच परतावे.

गाडी लायक आहे का

हा लेख शिडीसारखी स्वतंत्र चेसिस असलेल्या गाड्यांसाठी आहे. बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ, टवेरा, क्वालिस या सगळ्या त्या जातीच्या. ज्या नव्या गाड्यांमध्ये बॉडी आणि चेसिस एकच असते, त्यांना या पद्धतीने हात लावू नये.

गाडीखाली जाऊन चेसिसचे मागचे टोक आणि मागच्या कमानपाट्यांची शॅकल (पाट्यांचे टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) जिथे बसते ती जागा वायर ब्रशने लख्ख करावी. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा नाही म्हणून चेसिस गंजत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. काळी माती चेसिसच्या पोकळीत जाऊन बसते, पावसाळाभर ओल धरून ठेवते आणि लोखंडाला आतून खाते. माझ्या गाडीच्या उजव्या बाजूने घमेलेभर माती निघाली. स्वच्छ झालेल्या जागेवर, बाजारात माठ घेताना वाजवून पाहतो तसे, लहान हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून पाहावा, आणि तो आत रुतला तर हुकाचा विचार सोडून आधी चेसिसचा विचार करावा.

कागदपत्रांचेही याच वेळी पाहून घ्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब कडकपणे अधोरेखित केली. ट्रॉली हे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन आहे आणि तिची वेगळी नोंदणी लागते. म्हणून एमएच-२० असो की एमएच-२६, आपल्या आरटीओ कार्यालयात आधी लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. अपघातानंतर "मिस्त्री म्हणाला चालतं" हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

वेल्डिंग का नको, बंपर का नको

हूक स्वतः वर्कशॉपमध्ये टेबलावर वेल्ड केलेलाच असतो, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती चेसिसवर वेल्डिंग करण्याला. वेल्डिंगच्या रेषेलगत लोखंडाची ताकद आणि लवचीकता बदलते, आणि खड्ड्याखड्ड्याला वाकणारी-सुटणारी चेसिस नेमकी त्याच रेषेवर तडकते. शिवाय पोकळीच्या आतला रंग जळतो, तो पुन्हा लावता येत नाही आणि गंज आतून सुरू होतो. डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप जवळच असतात, हे वेगळे सांगायला नको.

बंपर तर केवळ धक्का खाण्यासाठी असतो. आमच्याच पट्ट्यात एका जीपचा हूक बंपरच्या पट्टीला लावलेला होता. गतिरोधकावर ट्रॉली उसळली तशी बंपरसकट सुटली आणि कडेच्या तुरीत जाऊन उलटली. मागे कोणी नव्हते म्हणून निभावले.

हूक, गोळा आणि बोल्ट

आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी तयार, नट-बोल्टने बसणारा हूक मिळत असेल तर तोच घ्यावा. बनवून घ्यायचाच असेल तर दोन्ही चेसिसपट्ट्यांना भिडणाऱ्या बाजूच्या प्लेटा ८ मिमी जाडीच्या आणि त्यांना जोडणारा आडवा चौकोनी पाइप किमान ५ मिमी जाडीचा असावा. जालना हे पोलादाचे गाव असल्यामुळे लोखंडाला तोटा नाही, परंतु तिथल्या गिरण्यांची ख्याती घरबांधणीच्या सळईसाठी आहे. सळईचे तुकडे जोडून केलेला हूक मी पाहिला आहे आणि तो कोणी करू नये. प्लेट आयएस २०६२ आणि चौकोनी पाइप आयएस ४९२३ या भारतीय मानकांचा मागावा.

हुकाच्या दांडीच्या टोकाला पोलादी गोळा असतो आणि ट्रॉलीच्या पुढच्या टोकाची वाटी, म्हणजे कपलर, त्यावर बसून मिटते. या गोळ्याच्या मापात फार जण फसतात. बाजारात ५० मिमीचे आणि २ इंची, म्हणजे ५०.८ मिमीचे, असे दोन्ही गोळे मिळतात आणि डोळ्यांना ते सारखेच दिसतात. ५० मिमीचा गोळा २ इंची कपलरमध्ये ढिला राहतो आणि उलट केले तर कपलर पूर्ण मिटत नाही. गोळा आणि कपलर या दोहोंवर कोरलेला आकडा वाचून, एकाच मापाची जोडी घ्यावी.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असायलाच हवा. पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसण्याची क्षमता आणि दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही. किलोवर मिळणाऱ्या, डोक्यावर काहीच नसलेल्या बोल्टांचा भरवसा नाही. १२ मिमीचे बोल्ट प्रत्येक बाजूला किमान तीन, जाड वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा), एवढे सामान लागते. एकदा काढलेला नायलॉक नट पुन्हा वापरू नये.

माप घेणे

गाडी फरशीवर किंवा काँक्रीटवर घ्यावी. उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी वाटते, पण जॅकखाली ती भेगाळते, म्हणून मातीवर गाडी उचलण्याचे धाडस करू नये. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, बॅटरीची ऋण वायर काढून ठेवावी, आणि गाडी जॅकवर नव्हे तर जॅक स्टँडवर टेकवूनच खाली शिरावे. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवू नये, कारण वीट फुटण्यापूर्वी आवाज देत नाही.

हूक गाडीच्या बरोबर मध्यावर यायला हवा, आणि बंपरवरून टेप लावून काढलेला मध्य जुन्या गाडीत हमखास चुकतो, कारण बंपर कधी ना कधी ठोकलेला असतो. इथे गवंड्याचा ओळंबा कामी येतो. दोन्ही चेसिसपट्ट्यांवर कारखान्यातूनच आलेली समोरासमोरची दोन छिद्रे शोधावीत, त्यांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा कराव्यात, थोडे पुढे जाऊन आणखी एक जोडी तशीच उतरवावी. चारही खुणा जोडून कर्ण मोजले आणि ते सारखे भरले की मध्यरेषा बिनचूक मिळते. माझ्या बोलेरोचा बंपर त्या रेषेपासून १४ मिमी डावीकडे सरकलेला निघाला.

उंचीसाठी आधी ट्रॉली भरून सपाट उभी करावी आणि कपलरची जमिनीपासूनची उंची मोजावी. मोटारींच्या युरोपीय मापात भरल्या गाडीच्या गोळ्याचा मध्य ३५० ते ४२० मिमी उंचीवर असतो. बोलेरोची चेसिस उंच असल्यामुळे गोळा खाली आणणारी वाकडी दांडी घ्यावी लागते. दांडीची लांबी ठरवताना बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर असते हे विसरू नये, कारण दार उघडताना ती ट्रॉलीच्या पुढच्या जॅकला आपटते. मी हे विसरलो होतो आणि दांडी ६० मिमीने वाढवून घ्यावी लागली.

छिद्र पाडणे

चेसिसवर आधीच असलेली छिद्रे वापरता आली तर उत्तम. नवी पाडायची झाल्यास ती चेसिसपट्टीच्या उभ्या बाजूवर, उंचीच्या मध्याजवळ पाडावीत. वरच्या आणि खालच्या आडव्या बाजूंवर सर्वाधिक ताण असतो, तिथे ड्रिल लावूच नये. दोन छिद्रांतील अंतर बोल्टच्या जाडीच्या किमान तिप्पट आणि कडेपासूनचे अंतर किमान दुप्पट ठेवावे. छिद्राच्या पलीकडे आतून वायरिंग, ब्रेकचा पाइप किंवा हँडब्रेकची केबल जात नाही ना, हे हात घालून पाहावे.

हूक दोन सी-क्लॅम्पने जागेवर धरून मध्यरेषेवर आणावा आणि मगच त्याच्या छिद्रांतून खुणा कराव्यात. हूक चांगलाच जड असतो, म्हणून त्याला खालून जॅकचा आधार द्यावा आणि एका माणसाला सोबत घ्यावे. खुणेवर पंच मारावा, ५ मिमीच्या बिटने सुरुवात करावी, मग ८ आणि शेवटी १३ मिमी. ड्रिलचा वेग कमी, दाब जास्त आणि तेलाचे थेंब सतत, असे चालू राहिले तर बिटामधून लांब, चकचकीत वेटोळे निघतात. वेटोळ्यांऐवजी निळसर पूड पडू लागली की बिट तापून बोथट झाले आहे, थांबावे. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण खाली झोपल्यावर सगळा बुरादा तोंडावरच येतो.

पेटीसारख्या बंद चेसिसला आरपार छिद्र एकाच बाजूने पाडण्याचा मोह होतो. मी तसे केले आणि पलीकडचे पहिले छिद्र ४ मिमी खाली उतरले. ते कानशीने लांबट करत बसण्याऐवजी मी ती जागा सोडली आणि पुढे नवी खूण घेतली, कारण लांबट छिद्रात बोल्ट सरकतो. बाकीची छिद्रे दोन्ही बाजूंनी स्वतंत्र खुणा करून पाडली आणि ती नीट जुळली.

पाडलेल्या प्रत्येक छिद्राची कड कानशीने साफ करून तिला जस्तयुक्त प्रायमर, ते नसेल तर रेड ऑक्साइड लावावे आणि पूर्ण वाळू द्यावे. हे टाळले की दोन पावसाळ्यांत बोल्टभोवती तांबडी रेघ दिसू लागते.

आतली नळी

या कामातील सर्वात दुर्लक्षित वस्तू ही बोटभर लांबीची नळी आहे. पेटीसारख्या चेसिसमधून आरपार बोल्ट घालून नट आवळला की पेटीच्या भिंती आत दबतात. आवळताना बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि शंभर किलोमीटरनंतर भिंती बसल्या की ढिला निघतो. त्यासाठी बोल्ट आतून जाईल अशी जाड भिंतीची नळी, पेटीच्या आतल्या रुंदीएवढी नेमकी कापून, बोल्टच्या जागी ठेवायची असते. चेसिसच्या मागच्या उघड्या तोंडातून बांधायच्या तारेला नळी अडकवून आत सरकवावी आणि छिद्रातून टॉर्चने पाहत जागेवर आणावी. पहिली नळी बसवायला मला पाऊण तास लागला, शेवटची पाच मिनिटांत बसली. सी आकाराच्या उघड्या चेसिसला नळी लागत नाही, तिथे आतून ६ मिमीची पट्टी लावावी.

आवळणे

सगळे बोल्ट आधी हाताने बसवावेत, मध्यरेषा पुन्हा तपासावी आणि मग डावा-उजवा असे आलटून पालटून तीन टप्प्यांत आवळावेत. ८.८ प्रतीच्या १२ मिमी बोल्टला साधारण ८० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, लागतो. हुकासोबत कागद आला असेल तर त्यावरील आकडा पाळावा.

टॉर्क रेंच प्रत्येकाकडे नसतो, पण कापसाच्या पट्ट्यात ताणकाटा घरोघर असतो. वेचणीचा कापूस ज्या काट्याला लटकवून मोजतो तोच घ्यावा. पान्ह्याला पाइप लावून नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर खूण करावी, तिथे काट्याचा हूक अडकवावा आणि पाइपाशी काटकोन राखून, काटा १६ किलो दाखवेपर्यंत सावकाश ओढावे. अर्धा मीटर गुणिले १६ किलो म्हणजे सुमारे ७८ न्यूटन-मीटर होतात. झटका देऊन ओढू नये. काम झाल्यावर नटावरून बोल्टवर आणि प्लेटवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारावी. पुढे कधीही ती रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे हे वाकून पाहताच कळते.

वायरिंग

सात पिनांचे सॉकेट लावावे. प्रचलित मांडणीत १ डावा इंडिकेटर, २ मागचा फॉग, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल लॅम्प, ६ ब्रेक आणि ७ डावा टेल लॅम्प असतो. गाडीतील वायरच्या रंगांवर विसंबू नये, कारण जुन्या गाडीत कोणत्या वायरमनने कोणता रंग जोडला आहे हे टेस्ट लॅम्पच सांगतो. २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. ट्रॉलीचे ब्रेक लॅम्प लागले की जुन्या स्विचवर साडेतीन अँपिअरचा जादा भार येतो, म्हणून बॅटरीवरून फ्यूज घातलेली वेगळी वायर आणून रिले (छोट्या विजेवर चालून मोठा भार जोडणारे स्विच) लावावेत. इंडिकेटरची टिकटिक बदलली तर जास्त भाराचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बसवावा.

अर्थची वायर थेट चेसिसवर, रंग खरवडून, लग लावून आवळावी. गोळ्यातून अर्थ मिळतोच असे समजून ती सोडणारे पुष्कळ आहेत. मग डावा इंडिकेटर दिला की ब्रेक लॅम्प मिणमिणतो आणि दोष सापडत नाही.

ट्रॉली जोडून पाहणे

कपलर गोळ्यावर दाबणारे वजन भरलेल्या ट्रॉलीच्या साधारण ७ ते १० टक्के ठेवावे. म्हणजे ७०० किलोच्या ट्रॉलीला ५० ते ७० किलो. ते कमी झाले की ट्रॉली मागून नागमोडी हलू लागते, जास्त झाले की गाडीचे नाक उचलते. बोलेरोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलमधील अंतर, २६८० मिमी आहे आणि गोळा मागच्या अॅक्सलच्या सव्वा मीटरभर मागे धरला, तर ७० किलोचा दाब पुढच्या चाकांवरून सुमारे ३३ किलो उचलून घेतो आणि मागच्या चाकांवर १०३ किलो टाकतो. हे वजन मोजण्यासाठी धान्याचा जमिनीवरचा काटा, त्यावर गोळ्याच्या उंचीचा लाकडी ठोकळा आणि त्यावर कपलर टेकवावा. फरक पडत असेल तर टाकी पुढे-मागे सरकवावी. चाचणीसाठी पाण्याऐवजी युरियाच्या गोण्या बऱ्या. एक गोणी ४५ किलोची असते आणि ती लाटा मारत नाही.

सुरक्षा साखळ्या दोन असाव्यात आणि त्या कपलरखाली कात्रीसारख्या एकमेकींवरून न्याव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी त्यांच्या झोळीत पडते. वळणाला ताणणार नाहीत पण रस्त्यावर घासणारही नाहीत, एवढी लांबी ठेवावी.

पहिली फेरी रिकाम्या ट्रॉलीने, दहा किलोमीटरची. परत येऊन पांढऱ्या रेघा पाहाव्यात. मग भार घालून पन्नास किलोमीटर, आणि त्यानंतर गाडी गार झाल्यावर सगळे बोल्ट ताणकाट्याने पुन्हा तपासावेत. माझे दोन बोल्ट थोडे फिरले, नंतर नाही. ट्रॉली डोलू लागली तर पाय अॅक्सिलरेटरवरून काढावा, स्टेअरिंग सरळ धरावे आणि जोरात ब्रेक मारू नये. मांजरसुंब्यासारखा घाट उतरताना चढताना लागला असता तोच गिअर आधीच टाकावा. मे महिन्याच्या दुपारी निघण्यापूर्वी कूलंट पाहावे.

पावसाळा संपला की चेसिसच्या त्या टोकात पाण्याची नळी घालून काळी माती धुऊन काढावी आणि बोल्टांवर ग्रीसचा हात फिरवावा. ट्रॉली जोडलेली नसेल तेव्हा गोळ्याची दांडी पिन काढून सोडवून ठेवावी, कारण ती नंबर प्लेट झाकते आणि अंधारात गाडीमागून जाणाऱ्याच्या नडगीला लागते. माझी दांडी जुन्या पोत्यात गुंडाळून मागच्या सीटखाली असते, म्हणजे तिचे ग्रीस घरच्यांच्या कपड्यांना लागत नाही.